पाचव्या नोंदीला जागा नाही

लॅपटॉपच्या डिस्कवर साठ जीबी जागा रिकामी होती आणि तिच्यासमोर लिहिलं होतं, ‘अनयुजेबल’. वापरता येणार नाही.

मी चष्मा पुसून परत पाहिलं. दुपारचे तीन, मे महिना, कूलरमधलं पाणी तळाला गेलेलं, दुकानाचं शटर अर्धं खाली. आदल्या रात्री मी स्वतः मोकळी करून घेतलेली जागा होती ती. कोणाची नव्हती, खराब नव्हती, पडद्यावर तिचा करडा पट्टा स्वच्छ दिसत होता. तरी तिच्यावर क्लिक केलं की अधिकचं बटण दबायचंच नाही.

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचे अर्ज, झेरॉक्स. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची सरकारी फी पंधरा रुपये, छपाईचे माझे वेगळे. संगणकाचं शिक्षण म्हणाल तर एमएस-सीआयटी आणि पुढची पंधरा वर्षांची खटपट. लॅपटॉप दहा-अकरा वर्षांचा. त्याची बॅटरी केव्हाच मेली आहे, लाईन गेली की तोही जातो.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला आणि विंडोज ११ ला जी टीपीएम २.० नावाची चिप लागते ती या म्हाताऱ्यात नाही. माझं विंडोजवाचून भागत नाही, कारण अंगठ्याचं मशीन आणि प्रिंटर दोन्ही त्याच्याच ड्रायव्हरवर चालतात. भाच्याला मात्र लिनक्स हवं होतं, मशीन चालवणारी विंडोजसारखीच दुसरी प्रणाली. तो अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे, उन्हाळ्यात घरी येऊन सराव करणार होता. दुसरा लॅपटॉप घ्यायचा तर सोयाबीन निघेपर्यंत थांबा. तेव्हा ठरलं की दिवसा दुकान, रात्री तो. सामाईक विहिरीवरच्या मोटारीच्या पाळ्या असतात तसं. त्याची परीक्षा संपायला पंधरा दिवस होते. “आत्या, मी आलो की करू,” तो म्हणाला होता. मीच म्हटलं, मी करून ठेवते, त्यात काय.

तर त्यात काय काय होतं ते सांगते.

पहिली अडचण सी ड्राइव्ह लहान करण्याची. २३० जीबीचा ड्राइव्ह, वापरलेला जेमतेम ७०. हिशेबाने दीडशे तरी सुटायला हवेत. विंडोजने सांगितलं, नऊ सुटतील. कारण असं की भाग लहान करायचा तर तो मागच्या टोकाकडून कापला जातो आणि काही फाइली जागच्या हलत नाहीत. मशीन झोपवताना स्मरणातलं सगळं जिच्यात ओतलं जातं ती हायबरनेशनची फाइल, रॅम कमी पडली की वापरायची पेजफाइल, रिस्टोअर पॉइंटच्या प्रती आणि खुद्द फाइल सिस्टिमची अनुक्रमणिका. यांतली एक जरी मधोमध बसली असली, तरी तिच्या अलीकडे धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, आणता येत नाही. वावराच्या मधात विहीर असावी तसं. हायबरनेशन बंद केलं, पेजफाइल तात्पुरती बंद केली, रिस्टोअर बंद केलं, मशीन पुन्हा सुरू केलं, मग साठ जीबी निघाले. तेवढे पुरे होते. (हायबरनेशन तसंही बंदच ठेवावं लागतं. विंडोज अर्धवट झोपलेलं असलं की लिनक्स त्याच्या ड्राइव्हवर काही लिहायला तयार होत नाही, आणि ते बरोबरच आहे. झोपलेल्याच्या घरात सामान हलवू नये.)

बाबा बाजूला बाजेवर बसून पाहत होते. त्यांना पडद्यावरचे पट्टे आवडले. रंगीत पट्टे, प्रत्येकावर आकडा. मोजणीवाल्याचा नकाशाच तो.

“पाचशेचा म्हनली होती न तू? इथं तं चारशे पासष्ट लिहून हाय. उरलेलं पोटखराब काय?”

पोटखराब म्हणजे सातबाऱ्यावर दाखवलेली, पण पिकाखाली न येणारी जमीन. नाला, खडक, पांदण. प्रश्न चुकीचा नव्हता, उत्तर मात्र वेगळं आहे. डिस्क विकणारे हजाराच्या पटीत मोजतात, म्हणजे ५०० जीबी म्हणजे पाचशे अब्ज बाइट. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून तेच ४६५ दिसतात. जागा तेवढीच, माप दुसरं. बाबांना एका वाक्यात कळलं, कारण घरात हे एकदा होऊन गेलेलं आहे. आजोबांचं अठरा एकर वावर कागदावर ७ हेक्टर २८ आर झालं, तेव्हा आजीला वाटलं होतं की अकरा एकर सरकारने नेलं. ती महिनाभर पटवाऱ्याच्या नावाने बोटं मोडत होती.

साठ जीबी ‘अनयुजेबल’ का, हे कळायला मला दोन तास आणि भाच्याला चार फोन लागले. कारण फार जुनं आहे. जुन्या पद्धतीच्या डिस्कच्या अगदी पहिल्या तुकड्यात, पहिल्या ५१२ बाइटांत, तिच्या सगळ्या वाटणीचा कागद असतो. त्यातले ४४६ बाइट मशीन सुरू करणाऱ्या कोडला जातात, शेवटचे दोन खूण म्हणून, आणि मधले ६४ बाइट म्हणजे वाटणीचा तक्ता. एका हिश्शाच्या नोंदीला १६ बाइट. चार नोंदी, संपलं. १९८३ साली आयबीएमच्या पीसी-एक्सटीसोबत पीसी-डॉस २.० आलं, तेव्हापासून ही मांडणी चालत आली. त्या मशीनची हार्ड डिस्क दहा एमबीची होती. दहा एमबीत कोण पाच हिस्से पाडणार?

१६ बाइट म्हणजे किती, हे मला आपल्या अक्षरांवरून समजलं. आज देवनागरीतलं एकेक चिन्ह साठवायला सहसा तीन बाइट लागतात, काना-वेलांटीसुद्धा वेगळी मोजून. ‘यवतमाळ’ लिहायला अठरा. ‘दारव्हा’ला एकवीस. म्हणजे आमच्या तालुक्याचं नावही मावत नाही एवढ्या जागेत अख्ख्या हिश्शाची नोंद: कुठून सुरू, किती लांब, कोणत्या प्रकारचा.

माझ्या डिस्कवर चारही नोंदी आधीच भरलेल्या होत्या. सुरुवातीला मशीन सुरू करण्यापुरता चिमुकला हिस्सा, मग सी, मग डी, आणि शेवटी विंडोज पुन्हा बसवण्यासाठी कारखान्यातूनच आलेला रिकव्हरीचा. जागा मी सोडवली होती, पण तिची नोंद कुठे करणार? पाचवी ओळच नाही. म्हणून अनयुजेबल.

मी हे बाबांना सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “चारच? अन् पाचवं लेकरू झालं तं?”

मी हसले. नंतर हसू थांबलं, कारण त्यांच्या घरात पाचवं लेकरू होतं.

आमचे बाबा आणि तीन काका मिळून चार भाऊ, आणि एक आत्या. आजोबा १९९१ मध्ये गेले तेव्हा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने वारस पाच होते. सातबाऱ्यावर नावं चार लागली. मधल्या काळात तहसीलसमोरच्या अर्जनवीसाने एक हक्कसोड लिहिली, आत्याने अंगठा दिला, घरच्यांनी तिला साडीचोळी केली. मी तेव्हा लहान होते. मला साडीचा रंग आठवतो, गर्द हिरवा. कागद मी फार नंतर पाहिला, केंद्र सुरू केल्यावर घरातली सगळी जुनी कागदपत्रं स्कॅन केली तेव्हा. ‘राजीखुशीने, कोणत्याही दबावाविना’ असं त्यात आहे. तसं ते सगळ्यांतच असतं. महिन्यातून दोन-तीन तरी असे कागद मीच टाइप करते, आणि ती ओळ आता माझी बोटं न बघता टाइप करतात. बाई सोबत आलेली असली तर ती सहसा खुर्चीत बसत नाही, दाराशी उभी राहते. मी काही विचारत नाही. विचारलं तर गिऱ्हाईक जातं, हे एक कारण. दुसरं कारण मला अजून नीट सापडलेलं नाही.

पण डिस्ककडे परत येते.

सरळ दिसणारा रस्ता विंडोजनेच दाखवला. रिकाम्या जागेवर उजवी कळ दाबून नवा भाग मागितला, तर ते नाही म्हणालं नाही. म्हणालं, डिस्क ‘डायनॅमिक’ करावी लागेल, करू का? ‘हो’चं बटण एवढं सहज समोर होतं की बोट तिथे गेलंच होतं. भाचा फोनवर ओरडला. डायनॅमिक केल्यावर विंडोज आपल्या जागी चालू राहतं, पण वाटणीचा खरा हिशेब मग ते स्वतःच्या वेगळ्या वहीत ठेवतं, आणि लिनक्सच्या इन्स्टॉलरला त्या वहीवर नवा हिस्सा मांडता येत नाही. शिवाय मागे फिरायचं तर विंडोज सांगतं, आधी सगळे भाग पुसा. मला वाटतं, नियम अडवतात त्यापेक्षा एवढ्या गोड वाटा जास्त नुकसान करतात.

खरा उपाय त्या चौघांतल्याच एकाने जागा देण्याचा आहे. चारपैकी एक नोंद ‘एक्स्टेंडेड’ करायची. त्या हिश्शात स्वतःचं काही राहत नाही, तो नुसतं कुंपण होतो. त्याच्या आत हवे तेवढे ‘लॉजिकल’ भाग पाडता येतात. प्रत्येकाच्या पुढ्यात त्याची छोटी नोंद असते आणि तिच्यात पुढच्याचा पत्ता. आमच्या गावात पाहुण्याला घर सांगतात तसं: पारापाशी विचारा, तो पिठाच्या गिरणीपाशी पाठवेल, गिरणीवाला पुढचं सांगेल. मधला एक जण घरी नसला की पुढचे सगळे हरवले. नव्या मशीनना हे काही करावं लागत नाही. त्यांच्या जीपीटी पद्धतीत साधारणपणे १२८ नोंदींची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. माझ्या मशीनची डिस्क मात्र जुन्याच पद्धतीची.

डीने जागा द्यावी असं ठरलं, कारण सोडवलेले साठ जीबी त्याच्याच शेजारी, सी आणि डीच्या मध्ये होते. जागा लागून असावी लागते. मध्ये दुसऱ्याचा हिस्सा आला की दोन तुकडे एक होत नाहीत, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगायची गरज नाही. डीवरचा सगळा डेटा बाहेर काढायचा, डी पुसायचा, त्या मोठ्या मोकळ्या पट्ट्यात एक्स्टेंडेड करायचा, आत नवा डी आणि लिनक्स. भाग पुसण्याऐवजी सरकवताही आला असता, पण सरकवण्याचं काम अशा डिस्कवर तासन् तास चालतं आणि अर्ध्यात लाईन गेली तर गेलं. मेलेली बॅटरी आणि आमची लाईन, दोघांवर मिळून एवढा भरवसा मी ठेवत नाही.

डेटा ठेवायला तालुक्याच्या गावी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मित्राची बाहेरची डिस्क मागून आणली. तिच्यात जागा होती, सोबत त्या हंगामातली तीन लग्नंही होती. “सांभाळून ताई,” तो म्हणाला. रात्रभर कॉपी चालली, इन्व्हर्टरच्या भरवशावर. सकाळी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, जीपार्टेड हा डिस्कचे भाग पाडणारा प्रोग्राम उघडला, आणि मोठा एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीचा, भाग निवडून पुसला.

जीपार्टेड लगेच काही करत नाही. ते काम खाली रांगेत लिहून ठेवतं आणि हिरव्या खुणेवर दाबलं की मगच हात घालतं. म्हणजे मला थांबायची संधी होती. मी खूण दाबली. झालं, सेकंदात. मग वरच्या कोपऱ्यातलं नाव दिसलं. एसडीए नाही, एसडीबी.

दोन्ही डिस्क पाचशेच्या. दोन्ही ४६५ दाखवणाऱ्या. विंडोजमध्ये सी-डी अशी नावं असतात, इथे नुसती अक्षरं. मी मित्राची डिस्क पुसली होती. तीन लग्नं आणि माझा रात्रभराचा डेटा.

पोटात गोळा येणं म्हणतात ते मला त्या दिवशी नेमकं कुठे येतं ते कळलं. लग्न परत लावता येत नाही. हळदीला रडणारी आजी परत त्याच जागी बसवता येत नाही. मी बहुतेक मोठ्यानं काही बोलले असेन, कारण बाबा आतून आले. मी सांगितलं, पुसलं गेलं. चुकून. सगळं.

“काय पुसलं? फोटो का नोंद?”

मी म्हटलं, नोंद.

“मंग वावर तं तिथंच हाय न, बाई. वावर कोनी उचलून नेलं काय? रडून काहून राह्यली?”

त्यांना डिस्कमधलं ओ की ठो कळत नाही. पण ते अगदी अचूक बोलले होते. भाग पुसला म्हणजे तक्त्यातल्या त्याच्या १६ बाइटांवर शून्यं आली, बाकी सगळं होतं तिथेच पडलेलं असतं. त्याच्यावर कोणी नवीन लिहीत नाही तोवर. डिस्कला हात लावायचा नाही, फॉरमॅट करू का म्हणून विचारलं तर करायचं नाही, हा पहिला नियम.

टेस्टडिस्क नावाचा एक छोटा, फुकट, काळ्या पडद्याचा प्रोग्राम आहे. क्रिस्तोफ ग्रेनिए या माणसाने लिहिलेला. तो तक्ता बाजूला ठेवून थेट जमिनीवर चालत जातो आणि प्रत्येक हिश्शाच्या तोंडाशी जी खूण असते ती शोधतो. जुने लोक धुऱ्यावर गाडलेला दगड शोधतात तसा. एनटीएफएसच्या भागात अशी खूण सुरुवातीला असते आणि तिची प्रत अगदी शेवटी. ‘क्विक सर्च’ म्हटलं आणि मिनिटभरात हिरव्या अक्षरात एक ओळ आली. ‘पी’ दाबलं की त्या हिश्शातल्या फाइली लिहिण्याआधीच दिसतात. दिसल्या. लग्नांची तीन फोल्डरं, माझं एक. मग ‘राइट’. मशीन पुन्हा सुरू. डिस्क जशी होती तशी.

मित्राला मी हे अजून सांगितलेलं नाही. तो हे वाचत असेल तर आता कळलंच.

त्यानंतर दोन दिवस मी लॅपटॉपला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मित्राची डिस्क काढून टेबलाच्या खणात ठेवली, खणाला कुलूप लावलं, आणि मगच जीपार्टेड उघडलं. आता पडद्यावर (पेन ड्राइव्ह सोडला तर) एकच डिस्क होती. डी पुसला, एक्स्टेंडेड केला, आत लॉजिकल डी, मग लिनक्सचा भाग आणि थोडं स्वॅप, म्हणजे लिनक्सची पेजफाइल. पट्ट्याखाली क्रमांक आले: एक, दोन, तीन, चार आणि मग तीनच्या पोटात पाच, सहा, सात. चारपर्यंतचे आकडे त्या चार ओळींसाठी राखीव, म्हणून आतल्यांची मोजणी कायम पाचपासून. चारपैकी दोनच वापरले असते तरी आतला पहिला पाचवाच झाला असता. बाबांना हे पोटहिश्शासारखं वाटलं, ४७/१, ४७/२. मला तसं वाटलं नाही, पण मी वाद घातला नाही. उपमा फार ओढली की तिचाही धुरा मोडतो.

लिनक्स बसलं. सुरू करताना दोन नावं दिसू लागली. मी खूश, भाचा खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला एका बाईला पावती दिली, ती म्हणाली, “ताई, हे साडेपाच काहून लिहून हाय?”

ही शेवटची खोड. मशीनच्या आत जे घड्याळ असतं त्यात लिनक्स जागतिक वेळ लिहून ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं. आपलं अंतर साडेपाच तासांचं, त्यामुळे विंडोज तेवढंच मागे. लिनक्सला एका ओळीत सांगता येतं की बाबा, तूही स्थानिकच लिही. बाबांचा, म्हणजे आमच्या बाबांचा, घड्याळावर तसाही विश्वास नाही. भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशावरून धरलेली, आमचं गाव ७८ च्या आसपास, म्हणजे आमच्याकडे सूर्य घड्याळाच्या मानाने अठरा-एकोणीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. ते सावली बघून जेवतात. साडेपाच तास चुकलेलं घड्याळ त्यांना फारसं वेगळं वाटलं नाही.

मित्राची डिस्क परत जोडून डीचा डेटा भरला. सगळं आलं की नाही बघायला इथली-तिथली फाइल उघडत होते, त्यात ‘घरचे कागद’ फोल्डरमधली ती हक्कसोड उघडली गेली. मुद्दाम नाही. पण बंदही केली नाही.

९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, हे मी गिऱ्हाइकांना सांगते तेव्हा आवाज जरा खाली घेते. स्वतःच्या घरात तर विषयच काढलेला नाही. बाबा आहेत तोवर प्रश्न येत नाही, असं सगळे म्हणतात. (कायदा तसं म्हणत नाही.) भाऊ चांगला आहे. भाचा तर माझाच आहे. काकांनाही वाईट म्हणता येत नाही, आत्या गेली तेव्हा चौघेही लहान मुलांसारखे रडले. अठरा एकरात साडेतीन-पावणेचार एकर तिच्यासाठी निघणार नव्हते असं नाही. वावर भरपूर होतं.

बाबा मागे येऊन उभे होते. त्यांना वाचता येतं, पण टाइपरायटरची फिकट अक्षरं दिसत नाहीत. त्यांनी कागद अक्षरांवरून नव्हे, खालच्या निळ्या ठशावरून ओळखला.

“त्या दिवशी तिनंच सयपाक केला होता,” ते म्हणाले. “रोडगे अन् वांग्याची भाजी. अंगठा धुऊन आली अन् चुलीपाशी बसली.”

मग म्हणाले, “मोठं करून दाखव.”

मी मोठं केलं. ठशातल्या रेषा रुंद झाल्या, आणखी मोठं केलं तशा त्या तुटल्या. स्कॅन जुना आहे, मी म्हटलं, यापुढे नुसते निळे चौकोन दिसतील.

“दिसू दे,” म्हणाले, आणि बाज ओढून तिथेच बसले.